काँगर आणि त्याची दोन घरे



काँगर हा मासा आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. कोकणच्या बाजारात येणारी वाम ही त्याची दूरची भाऊबंद. खुद्द काँगरचा मुलूख म्हणजे नॉर्वेपासून सेनेगलपर्यंतचा अटलांटिकचा पूर्व किनारा आणि भूमध्य समुद्र. अंग सापासारखे लांब, त्यावर खवल्यांचा पत्ता नाही. मादी दोन मीटरांहून अधिक वाढते. नर मीटरभरापुढे सहसा जात नाही. दिवसा हा प्राणी खडकाच्या कपारीत वा धक्क्याच्या दगडांतल्या भेगेत डोके तेवढे बाहेर काढून बसतो आणि रात्री मासे, खेकडे, माकूळ यांच्या शिकारीला निघतो. दोन महायुद्धांत बुडालेल्या जहाजांनी तर त्याच्यासाठी जणू आयत्या चाळीच बांधून ठेवल्या!

पण त्याचे एवढेसे पिल्लू कपारीत कधी सापडेना. इकडे वेल्सच्या किनाऱ्याजवळ विल्यम मॉरिस नावाच्या गृहस्थाला काचेसारखा पारदर्शक, पानासारखा चपटा असा एक जीव मिळाला होता. 1789 च्या सुमारास ग्मेलिन या जर्मन पंडिताने त्याला स्वतंत्र जात ठरवून मॉरिसचे नाव दिले. 1864 मध्ये अमेरिकेतील थिओडोर गिल याने तर्क केला, की हे काँगरचे बाळ असावे. 1886 मध्ये ब्रिटनीतील रॉस्कॉफच्या प्रयोगशाळेत ईव्ह दलाज याने तो जीव पाण्यात जिवंत ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा काँगर झाला! मौज अशी, की या रूपांतरात बाळ वाढत नाही, आखडते.

बाळपण उघड्या समुद्रात वाहत जाते, पुढची वर्षे कपारीत. शेवटी पुन्हा प्रवास. मादी खाणे सोडते, दात गळतात, हाडे मऊ पडतात. त्या अवस्थेत ती खोल समुद्राकडे जाते, लाखो अंडी एकदाच घालते आणि मरते.

म्हणजे किनाऱ्याजवळ गळाला लागलेली काँगरची मादी कितीही थोर दिसो, तिने एकदाही अंडी घातलेली नसतात. ‘लहान सोडा, मोठे धरा’ हा मासेमारीतला शहाणपणाचा नियम येथे उलटा पडतो. जी सर्वांत मोठी, तीच त्या एकमेव प्रवासाच्या अगदी तोंडाशी आलेली असते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हौशी गळवाले आता पुष्कळदा अशी मादी होडीत घेतच नाहीत. काठाशीच गळ सोडवून तिला पाण्यात जाऊ देतात.