टक्के कोणाचे: अवयवाचे की श्रमाचे?

(दुसरबीड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या दुसरबीडजवळ, तढेगाव येथे, ऑगस्ट 2021 मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना नेणारे टिप्पर उलटले आणि 13 मजूर मृत्युमुखी पडले. मृतांचा आकडा वर्तमानपत्रात येतो. परंतु अशा अपघातांत हातपाय गमावून जे वाचतात, त्यांचा हिशेब टक्क्यांत होतो. त्या टक्क्यांविषयी मला आज बोलायचे आहे.

मळणीयंत्रात मजुराचा हात जातो. वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्र देते. त्यावर टक्के असतात ते अवयवाचे. विमा कंपनी तेच टक्के पुढे करून म्हणते, ‘हे अपंगत्व अंशतः आहे.’ दुसरा हात शाबूत आहे ना, असा त्यामागचा युक्तिवाद! पण एका हाताने सोयाबीन सोंगता येते काय? उसाची मोळी बांधता येते काय?

कायद्याचा प्रश्न निराळा आहे. अपघाताच्या वेळी माणूस जी कामे करू शकत होता, त्या सर्व कामांना तो मुकला असेल, तर ते पूर्ण अपंगत्व. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याची ही व्याख्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही स्वीकारली आहे. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाने ते अपंगत्व अंशतः ठरवू पाहिले. एका हाताने सुतारकाम होत नाही, एवढ्या सरळ कारणाने सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ते पूर्ण मानले. शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत, हे त्याच न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. डावा हात गेलेला कारकून कदाचित नोकरी टिकवील. चालक वा सुतार मात्र सर्वस्व गमावतो.

राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे अपघात योजना 2023 पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालते. तिच्यात दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख रुपये. म्हणजे तेथेही मोजणी अवयवांचीच. शिवाय ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्या भूमिहीनाने कोणाच्या दारी जावे?

मळणीयंत्राचा मालक पुष्कळदा आपल्यातलाच कर्जबाजारी शेतकरी असतो, हेही विसरून चालणार नाही. मजुराला त्याच्याशी झुंजविणे हा समाजवाद नव्हे. यंत्र विकतानाच त्यावर राबणाऱ्यांचा विमा सक्तीचा करा, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर आपले काम कोणते? अपघात घडताच पोलीस पंचनामा आणि दवाखान्याचा पहिला कागद मिळवा. हजेरीची वही, मुकादमाकडील उचलीची नोंद, सोबतच्या मजुरांचे जबाब जपून ठेवा. हा माणूस रोज कोणते काम करी व किती मजुरी घेई, हे त्यांतूनच सिद्ध होते. डॉक्टरांना केवळ टक्के विचारू नका. कोणते काम आता त्याला अशक्य आहे, हे लिहून मागा आणि गरज पडल्यास त्यांची साक्ष नोंदवून घ्या.

मजुराजवळ भांडवल एकच असते, त्याचे शरीर. ते गेले हे सिद्ध करण्याचा भार त्याच्या एकट्याच्या उरलेल्या हातावर पडू नये. तो आपण उचलू या.