अपघातग्रस्त चालकाला मदत करताना

मोटार अपघातात जखमी झालेल्या चालकासाठी पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. मदतीला धावणाऱ्याने आधी मागून येणारी वाहने थांबवावीत, मोटारीचे इंजिन बंद करावे आणि १०८ किंवा ११२ ला फोन करून नेमके ठिकाण, शक्यतो किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, सांगावा. चालकाला ओढून बाहेर काढण्याची घाई बरेचदा घातक ठरते. मानेच्या मण्याला इजा असल्यास एका हिसक्याने कायमचा लुळेपणा येऊ शकतो. आग किंवा तसाच धोका नसेल, तर त्याला जागीच ठेवून डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबावे. पाणी मात्र पाजू नये. शुद्ध हरपत असल्यास ते श्वासनलिकेत जाते.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी दायित्वातून मुक्त ठेवते. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, आणि रुग्णालयाला त्याच्याकडून खर्चही मागता येत नाही.