सेवाव्रत आणि संसाराची तजवीज
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात परभणी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. समाजसेवेवर बोला, असे त्यांनी सुचविले होते. समाजसेवेची थोरवी सांगणारी भाषणे या व्यासपीठावरून पुष्कळ झाली. त्यांतील काही आम्हीच केली आहेत. म्हणून आज आम्ही सेवेविषयी न बोलता सेवकाविषयी बोलणार आहोत. त्याची चूल, त्याचे पासबुक आणि त्याचे म्हातारपण हा आमचा आजचा विषय आहे. कोणास तो हलका वाटेल. परंतु आमच्या मते तो टाळल्यामुळेच आपल्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती कोणती, ते शेवटी सांगू.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईने नामदेवांच्या घरी जाते ओढता ओढता भक्ती केली. जाते सोडून ती भजनास बसली नाही. आपण मात्र सेवकाकडून भजनाची अपेक्षा करतो आणि जात्यात दाणे कोणी घालावयाचे, हे विचारीत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीने हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्या पिढीतील पुष्कळांनी पुढे गावोगावी शाळा, वाचनालये व वसतिगृहे उभी केली आणि एक पैसाही घेतला नाही. त्यांच्या त्यागापुढे आमचे मस्तक नम्र आहे. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. त्यांच्यामागे एकत्र कुटुंब होते. धाकटा भाऊ औत हाकीत होता, कणगीत वर्षाची ज्वारी होती, आणि घरची लक्ष्मी अंगावरचा डाग मोडून तक्रार करीत नव्हती. त्याग एकाच्या नावे लागला, तो केला साऱ्या घराने. आज शेताच्या वाटण्या झाल्या. कापूस आणि सोयाबीन पावसाच्या हवाली आहेत. भाऊ पुण्यास किंवा संभाजीनगरास नोकरीला आहेत. आधार गेला, परंतु अपेक्षा मात्र तशीच राहिली.

थोरांच्या घरीही हा प्रश्न उभा राहिला होता. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तेथील आजीव सभासद वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करीत आणि दरमहा ७५ रुपयांवर संसार चालवीत. आजीव सभासदाने बाहेरून मिळकत करावी की न करावी, पगार वाढवावा की न वाढवावा, या वादाने लोकमान्य टिळक आणि आगरकर यांच्यासारखी जिवाभावाची माणसे दुरावली, आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, निवर्तले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेविले होते, असे सांगतात. हे ऐकून डोळ्यांत पाणी येते. पण त्यांच्यामागे राहिलेल्या कुटुंबाच्या डोळ्यांतील पाण्याचा विचार किती जण करितात?

नामदार गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला. सभासदाने स्वतःसाठी द्रव्यार्जन करण्यात शक्ती वेचू नये, ही तेथील एक शपथ होती. परंतु तिच्याच जोडीला दुसरी गोष्ट होती, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही : सभासदाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय संस्था करील. व्रत एकतर्फी नव्हते. सेवकाने आयुष्य द्यावे आणि संस्थेने त्याच्या संसाराचा भार उचलावा, असा तो करार होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत, वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, ही कथा आपण सारे भक्तीने सांगतो. पण त्याच संस्थेच्या सेवकांनी पुढे स्वतःची सहकारी बँक उभी केली, हेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट वंदनीय आहे. दुसरी अनुकरणीय आहे.

आता आमची गोष्ट, कारण स्वतःला वगळून उपदेश करणे बरे नव्हे. तेविसाव्या वर्षी आम्ही एका संस्थेत ग्रामसेवेच्या कामास लागलो. नेमणुकीचा कागद मागणे आम्हांस अशिष्टपणाचे वाटले. जे मिळे त्यास पगार न म्हणता मानधन म्हणत. आणि मान पुष्कळ असल्यामुळे धन किती, हे आम्ही चौदा वर्षे मोजले नाही. पुढे घरी दुखणे आले. सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना दराने रक्कम उचलली. महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस. हा साधा गुणाकार, गावोगावी बचतगटांना जमाखर्च शिकविणाऱ्या आम्हांस, स्वतःच्या घरी करता आला नाही. ते कर्ज फिटावयास सात वर्षे लागली. ज्या स्त्रियांना आम्ही काटकसर शिकवीत होतो, त्यांच्यापैकीच एकीने एकदा विचारले, "काका, तुमचं स्वतःचं पुस्तक कुठंय?" त्या दिवशी आम्ही पोस्टात जाऊन खाते उघडले.

तरुण मित्रहो, या कामात पुढे येण्याच्या वाटा आज आमच्या काळापेक्षा अधिक आहेत. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था टाटांच्या देणगीतून निघाली. तिलाच आपण आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो. तिचा ग्रामीण परिसर आपल्या मराठवाड्यातच, तुळजापूर येथे आहे. अंबाजोगाईस डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली 'मानवलोक' स्थापन केली; तेथेही समाजकार्याचे महाविद्यालय चालते. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, समाजकल्याण व बालसंरक्षण खात्यांतील पदे, कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी, ही सारी या विद्येचीच क्षेत्रे होत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातील शेकडा दोन समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले, तेव्हापासून तेथेही जाणती माणसे लागतात. तेव्हा केवळ तळमळीवर विसंबू नका. पदवी घ्या, हिशेब शिका, अहवाल लिहिण्याचा सराव ठेवा. प्रकल्प तीन वर्षांत संपतो; अंगी आलेली विद्या संपत नाही.

पैशाविषयी थोडे रोकडे बोलू. नेमणूक लेखी घ्या. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही, आणि कापलेला भरला जातो की नाही, हे दरवर्षी पाहा. तो नसेल तर पोस्टात किंवा बँकेत सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते काढा. वर्षाला पाचशे रुपयांतही ते जिवंत राहते, आणि मुदत पंधरा वर्षांची असल्यामुळे मोह आवरतो. केंद्र सरकारच्या, २०१५ साली सुरू झालेल्या दोन विमा योजना आहेत : एकीत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा, दुसरीत २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. पहिलीत पन्नाशीच्या आत नाव घालावे लागते. त्याच वर्षीची अटल पेन्शन योजना अठरा ते चाळीस वयाच्या, आयकर न भरणाऱ्या माणसासाठी आहे. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये हवे असतील तर पंचविसाव्या वर्षी आरंभ करणारास महिना ३७६ रुपये भरावे लागतात, आणि चाळिसाव्या वर्षी जागे होणारास १,४५४. उशिराचा दंड किती असतो, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आता ती चूक. आपल्या मंडळाच्या वसतिगृहात एकवीस वर्षे गुरुजींनी अधीक्षकाचे काम केले. या सभागृहात बसलेल्या कित्येक डॉक्टरांना, इंजिनिअरांना त्यांनी पहाटे पाचास उठविले आहे, तापात त्यांच्या उशाशी बसले आहेत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे मानधन ६,००० रुपये होते. आपण त्यांस शाल, श्रीफळ आणि ५,००१ रुपये दिले, टाळ्या वाजविल्या, आणि घरी गेलो. त्या वेळी कार्यकारिणीत आम्हीही होतो. उपदानाचा विषय एका सभासदाने काढला, तेव्हा "आपल्याकडे दहा माणसे नाहीत, कायदा आपणांस लागू नाही" असे उत्तर देणारे आम्हीच होतो. उत्तर कायद्यास धरून होते. पण १९७२ च्या त्या कायद्यातील तत्त्व, वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आपण आपखुशीने पाळले असते तर गुरुजींना सुमारे ७२ हजार रुपये मिळाले असते. अंगणवाडीसेविकांना मिळते ते केवळ मानधन, म्हणून त्यांस उपदान नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अमान्य केला. न्यायालयास जे दिसले, ते आम्हांस आमच्या गुरुजींच्या बाबतीत दिसले नाही. गुरुजी आज लेकीच्या घरी असतात. आम्ही मागील महिन्यात भेटावयास गेलो. त्यांनी वसतिगृहातील मुलांची चौकशी केली, स्वतःविषयी अवाक्षर काढले नाही. तक्रार केली असती तर आमचा भार हलका झाला असता.

तेव्हा आमची मंडळास तीनच विनंत्या आहेत. गुरुजींची राहिलेली रक्कम वर्गणीने उभी करावी. आमची वर्गणी आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे दिली आहे. यापुढे प्रत्येक सेवकाची नेमणूक लेखी असावी, आणि दर वर्षी त्याच्या अर्ध्या महिन्याच्या वेतनाइतकी रक्कम निराळ्या खात्यात पडावी. तिसरी विनंती घरोघरच्या वडीलधाऱ्यांस : मुलगा वा मुलगी समाजकार्याची पदवी घेऊ म्हणाली, तर "त्यात काय मिळणार?" म्हणून हिणवू नका, आणि मंडळासारखा धनी भेटला तर हाच प्रश्न त्या धन्यास विचारा.

मुलींच्या वसतिगृहावर यंदा नव्या अक्का रुजू झाल्या आहेत; वय पंचवीस. त्यांची पेन्शन योजनेची वर्गणी वर्षाची ४,५१२ रुपये, दोन्ही विम्यांचे ४५६, मिळून ४,९६८. गुरुजींना निरोप देताना पाकिटात आपण घातले होते ५,००१. म्हणजे त्या एका पाकिटाच्या पैशांत अक्कांच्या एका वर्षाची तजवीज होऊन वर तेहतीस रुपये उरतात. हवे तर त्यांचा नारळ आणावा. तो वाढविण्यास आम्ही आनंदाने येऊ.