सरदारकन्या आणि सेवक



मोठ्या घरची मुलगी आणि त्याच घरचा नोकर यांची प्रीती, हा कथाकारांचा फार जुना विषय आहे. आज आम्ही त्याचे जे उदाहरण आपणांपुढे ठेवणार आहो, ते नाटकातले नाही, कादंबरीतलेही नाही. ते एका जपानी चित्रकथेतले आहे. अशा चित्रकथांना जपानात 'मांगा' म्हणतात. चित्रकथा म्हणजे पोरांची करमणूक, असे आपण धरून चालतो. तो समज घटकाभर बाजूस ठेवावा, एवढीच विनंती.

कथेचे नाव 'व्हर्सायचा गुलाब'. रियोको इकेदा यांनी ती १९७२ साली 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात सुरू केली आणि १९७३ साली संपविली. स्टेफान झ्वाइग यांनी लिहिलेले मारी आंत्वानेत या फ्रेंच राणीचे चरित्र इकेदाबाईंनी वाचले होते. राणीची कथा सांगावी, हा त्यांचा मूळ बेत. पण वाचकांचा जीव जडला तो राणीवर नव्हे, तर ऑस्करवर.

ही ऑस्कर कोण? एका सेनापतीची सहावी मुलगी. मुलगा होईना, म्हणून बापाने हिलाच मुलगा मानले, नाव पुरुषाचे ठेवले, हाती तलवार दिली आणि घराण्याची वारस केले. तिच्या दाईचा आंद्रे नावाचा एक पोरका नातू होता. त्याला वाड्यात आणले ते तिचा सवंगडी आणि सेवक म्हणून. ही दोघे काल्पनिक आहेत. भोवतालचा राजा, राणी आणि राज्यक्रांती मात्र खरी आहे.

दोघे एकाच अंगणात तलवार खेळून वाढतात. पण हे सख्य कोणत्या जमिनीवर उभे आहे, हे लेखिका आरंभीच दाखविते. मारी आंत्वानेत घोड्यावर बसते, लगाम आंद्रेच्या हाती असतो आणि घोडा उधळतो. राजाचा हुकूम होतो की सेवकाला ठार करा! अपराध घोड्याचा, शिक्षा नोकराला. ऑस्कर आडवी येते, आपला जीव देऊ करते, तेव्हा तो वाचतो.

त्या काळचे फ्रान्स असेच होते. सैन्यात अधिकारी व्हायचे, तर चार पिढ्यांचे सरदारपण सिद्ध करावे लागे, असा हुकूम १७८१ साली निघाला होता. विवाहाचेही तेच. आईबापांच्या संमतीवाचून पंचविशीच्या आतली मुलगी किंवा तिशीच्या आतला मुलगा लग्न करील, तर त्याला वारसाहक्काला मुकवता येई. हा कायदा १५५६ पासूनचा. कथेत तर ऑस्करचा बाप आंद्रेला स्पष्टच बजावतो की सरदाराच्या विवाहाला राजाची परवानगी लागते, ती तुला कोण देणार?

अशा बंदीने माणसाचे काय होते? आंद्रेला केवळ साधुपुरुष करून लेखिका मोकळी झालेली नाही. ऑस्करचा एक डाव साधावा म्हणून त्याचा एक डोळा गेलेला आहे, दुसऱ्याची दृष्टी मंदावत आहे. अशात तिला एका उमरावाची मागणी येते. तो तिच्या पेल्यात विष कालवतो, दोघांनी मरावे म्हणून. पेला ओठांशी जाताच तोच तिला अडवतो. हे प्रेम नव्हे, हा मालकी हक्क झाला, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. ज्याला मागण्याचा अधिकारच नाही, त्याची मागणी अशी विकृत वाटेने बाहेर पडते. आणि तो जवळजवळ आंधळा झाला आहे, हे ऑस्करला अगदी शेवटच्या लढाईपर्यंत कळत नाही. रोज सेवा घेणाऱ्याला सेवकाचे मुख दिसतेच असे नाही.

येथे आपल्या परंपरेची आठवण होते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राजाचे मन दासीवर जडते. मग कळते की मालविका दासी नव्हेच, ती तर विदर्भाची राजकन्या! हर्षाच्या 'रत्नावली'तही सागरिका अखेर सिंहलची राजकन्या निघते. सगळे सुखी होतात. पण दासीवर प्रेम करता येते का, हा प्रश्न तसाच राहतो. इकेदाबाईंना ही वाट मोकळी होती. आंद्रेला हरवलेला राजपुत्र ठरविणे किती सोपे होते! त्यांनी ते केले नाही. सेवक अखेरपर्यंत सेवकाचाच नातू राहिला. वर चढला नाही तो. खाली उतरली ती. ऑस्करने आपले सरदारपद टाकले आणि आपल्या शिपायांसह ती लोकांच्या बाजूला गेली.

शेवट दुःखाचा आहे. आंद्रे पडतो १३ जुलै १७८९ रोजी. ऑस्कर दुसऱ्या दिवशी, बास्तीयच्या तटासमोर. आता पंचांग पाहा. बास्तीय पडल्यापासून एकविसाव्या दिवशी, ४ ऑगस्टच्या रात्री, राष्ट्रसभेने सरदारांचे विशेषाधिकार काढून टाकण्याचे ठरविले. १७९० साली पदव्या गेल्या, १७९२ साली विवाह हा नागरी करार झाला. जी भिंत त्या दोघांना जन्मभर ओलांडता आली नाही, ती दगडांची नव्हती. कायद्याच्या चार ओळींची होती.

जपानी मुलींना दूरच्या फ्रान्सची ही कथा आपली का वाटली असावी? १८९८ च्या जपानी कायद्यात विवाहाला कुटुंबप्रमुखाची संमती लागे, आणि आईबापांच्या संमतीसाठी वयाच्या मर्यादाही त्याच होत्या : मुलाला तीस, मुलीला पंचवीस! १९४७ च्या राज्यघटनेने तेथील सरदारवर्ग रद्द केला आणि विवाह केवळ दोघांच्या संमतीवर सोपविला. त्याच वर्षी इकेदाबाई जन्मल्या. ज्यांच्या आया जुन्या कायद्याखाली वाढल्या, त्या मुली ही कथा वाचत होत्या. १९७४ साली ताकाराझुका येथील स्त्रियांच्या नाट्यसंस्थेने ती रंगभूमीवर आणली. २००९ साली फ्रान्सने लेखिकेला 'लेजियाँ दोनर' हा किताब दिला.

श्रोतेहो, कायदा एका रात्रीत बदलू शकतो, हे आपण पाहिले. घरातले मन तितक्या लवकर बदलत नाही. ज्याच्या हातचा चहा आपण रोज घेतो, त्याला घरात बसायला खुर्ची आहे का? या प्रश्नाचे उत्तर कोणतीही राष्ट्रसभा देऊ शकत नाही. ते ज्याचे त्याने आपल्या उंबऱ्याच्या आत द्यायचे आहे.