खोडदच्या दुर्बिणीचे शिल्पकार

नारायणगावहून खोडदकडे निघालं, की शेतांपलीकडे जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप यांची आज ओळख करून घेऊ.

स्वरूप यांचा जन्म १९२९चा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्याचा. अलाहाबादेत शिक्षण, ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे धडे आणि अमेरिकेत स्टॅनफर्डची डॉक्टरेट. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६३ साली ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या जुन्या तबकड्या वापरून त्यांनी कल्याणजवळ सूर्याचा वेध घेतला. मग उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, १९७० साली.

पुढचं पाऊल जुन्नर-आंबेगावच्या परिसरात पडलं. इथे शहरी रेडिओ गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांची आडोशाची भिंत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत बसवल्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर. पोलादी दोरांवर ताणलेल्या हलक्या जाळीमुळे वाऱ्याचा दाब घटला आणि खर्चही आटोक्यात राहिला. या सगळ्या तबकड्या मिळून एकच विशाल दुर्बीण होते. तिच्यावर पल्सार, दूरच्या दीर्घिका आणि हायड्रोजनचे ढग अभ्यासले जातात.

२०२० साली पुण्यात स्वरूप यांचं निधन झालं. दुर्बीण मात्र देशोदेशीच्या शास्त्रज्ञांसाठी कामात आहे. विद्यार्थी मित्रांनो, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं. शाळेसोबत जरूर जा.