घातांकात अडकलेला क्ष



अकरावीत लॉग टेबल उघडताना मी कुरकुरायचे, ‘याचा उपयोग तरी काय?’ सर, उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं, तेही घरातच.

माझ्या मावसभावाने ५०,००० रुपयांचं खासगी कर्ज घेतलं होतं. व्याज दरमहा ३ टक्के, आणि न भरलेलं व्याज मुद्दलात. त्याचा हिशेब सरळ होता : ‘शंभर भागिले तीन, म्हणजे दुप्पट व्हायला ३३ महिने. तीन वर्षांनी पॉलिसीचे १ लाख १० हजार येतील, एकरकमी फेडतो.’

मी वहीत मांडलं : १.०३ चा क्षवा घात = २. इथे क्ष वर, घातांकात बसलाय. नुसत्या भागाकाराने तो खाली येत नाही. पण दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की तो गुणक होऊन खाली उतरतो :

क्ष × लॉग १.०३ = लॉग २

आता भागाकार करायचा. नैसर्गिक लॉग घेतले तर ०.६९३१ ÷ ०.०२९५६, म्हणजे साधारण साडेतेवीस महिने. तेहतीस नव्हे! लॉगचा भागाकार म्हणजे भागाकाराचा लॉग नव्हे, हे मात्र मी विसरले नाही. त्याच चुकीवर सरांनी माझ्या पेपरात लाल गोल केला होता.

आपण पाठ केलेला ०.३०१०, म्हणजे दहाच्या पायाचा लॉग, वापरला तरी उत्तर तेच येतं. दोन्हीकडे पाया एकच हवा. मग नैसर्गिक लॉग कशाला? कारण दर लहान असला की १ अधिक दर याचा नैसर्गिक लॉग जवळजवळ दराएवढाच असतो. ०.०३ च्या जागी ०.०२९६. म्हणून तोंडी हिशेब जमतो : ६९ ला टक्क्यांनी भागा. ६९ भागिले ३, झाले २३ महिने. भागायला सोपा म्हणून लोक ७२ घेतात, त्या नियमामागचं गणित हेच.

मग ३६ महिन्यांचा आकडा काढला : जवळजवळ १ लाख ४५ हजार. भाऊ गप्प झाला. आम्ही भावंडांनी मिळून त्याच महिन्यात ते कर्ज मिटवलं. आता तो आम्हाला बिनव्याजी हप्ते देतोय.

सर, तेव्हा कुरकुरले त्याबद्दल आज माफी मागते. आणि तो लाल गोल केल्याबद्दल मनापासून आभार.