चेहऱ्यावरचे डाग आणि बाजारातली मलमे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



या व्यासपीठावरून आपण नेहमी शिष्यवृत्त्या, परीक्षा आणि नोकऱ्या यांविषयी ऐकता. आज चेहऱ्यावरच्या काळ्या डागांविषयी बोलायचे ठरले, तेव्हा हा काय शिक्षणसंस्थेत बोलण्याचा विषय झाला, असे काहींना वाटले असेल. परंतु आपल्या घरातील दहावी-बारावीच्या मुलामुलींना विचारून पाहा. मुरूम गेला, डाग राहिला. फोटो काढायचा म्हटले की मुलगी मागे सरकते. पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली की घरातलीच मंडळी तिला चार उपाय सुचवतात. मग कुणी सांगेल ती ट्यूब आणली जाते. त्या ट्यूबमध्ये काय आहे हे मात्र आणणाऱ्याला, देणाऱ्याला आणि लावणाऱ्यालाही माहीत नसते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, चेहऱ्याला काही लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : हा डाग कशामुळे पडला आणि या डबीत काय आहे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. डाग आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार होते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि मांडणीत. हे मेलॅनिन उन्हापासून आपले रक्षण करते. जन्मजात रंग हा रोग नव्हे, त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. डाग म्हणजे एखाद्या जागी हे द्रव्य प्रमाणाबाहेर साठणे. डागावर उपाय करता येतो. गोरेपणाचे आश्वासन देणारी वस्तू मात्र न होणारी गोष्ट विकत असते. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ साली आपल्या देशात आले आणि २०२० साली कंपनीने त्याच्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ शब्द घातला. नाव बदलले, आपल्या घरातली बोलणीही आता बदलली पाहिजेत.

आता डाग कशामुळे पडतात ते पाहू. तरुण वयात सर्वांत जास्त आढळतात ते मुरमाचे डाग. मुरूम फोडला, नखाने खरवडला की त्या जागी दाह वाढतो आणि दाह ओसरल्यावर काळसर खूण राहते. भाजणे, कीटक चावणे, खरूज, चुकीचे फेशियल यांनीही अशीच खूण पडते. वरच्या थरातला तपकिरी डाग काही महिन्यांत आपोआपही फिकट होतो. खोल गेलेला राखट डाग जायला वर्ष किंवा अधिक काळ लागतो. दुसरा प्रकार वांगाचा. दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर पसरणारा हा डाग बहुधा स्त्रियांना होतो. गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या, ऊन आणि घराण्यातला कल ही त्याची मुख्य कारणे. वांग आटोक्यात येतो, पण ऊन लागले की परत येतो, हे आधीच समजून घ्यावे.

तिसरा प्रकार घासण्याचा. दगडाने किंवा खरखरीत घासणीने रोज अंग घासणाऱ्यांची त्वचा काळी पडते. नमाजामुळे कपाळावर किंवा घोट्यावर पडणारा गट्टाही दाबाने आणि घर्षणाने झालेला असतो. त्यावर रंग उजळण्याचे मलम लावून उपयोग नाही. जाड, मऊ जानमाज वापरली तर तो वाढत नाही.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. काही मुलांच्या मानेवर आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा येतो. ‘नीट आंघोळ करीत नाहीस’ म्हणून आई ती मान घासून लाल करते. हा मळ नव्हे. पुष्कळदा ती शरीरातील इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची खूण असते. अशा मुलाचे वजन पाहावे, रक्तातील साखर तपासून घ्यावी, गोड पेये कमी करून त्याला मैदानावर पाठवावे. वजन आटोक्यात आले की मानही उजळू लागते. हे काम कुठल्याही क्रीमला जमत नाही.

लग्नसराईतल्या ‘काळ्या मेंदी’विषयीही सावध राहा. मेंदीचा खरा रंग तांबूस असतो. तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या मेंदीत पुष्कळदा केस काळे करण्याच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड येतात आणि नक्षीच्या आकाराचे डाग महिनोन् महिने राहतात.

कारण समजल्यावर मग वस्तू निवडायची. या निवडीत पहिला क्रमांक सनस्क्रीनचा. ऊन लागत राहिले तर महागातले महाग औषधही वाया जाते. डबीवर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे शब्द पाहावेत. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतात. चिमूटभर लावून फायदा होत नाही. घराबाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. वजू करताना तोंड धुतले जाते. तेव्हा जोहरच्या वजूनंतर उन्हात जायचे असल्यास चेहरा टिपून ते पुन्हा लावण्याची सवय ठेवा. छत्री, टोपी, ओढणी यांनाही कमी लेखू नका. त्यांना वेगळा खर्च नाही.

दुसरा क्रमांक डाग फिकट करणाऱ्या द्रव्यांचा. नायसिनामाइड ४-५ टक्के : हे रंगद्रव्य वरच्या पेशींत जाण्यास अटकाव करते आणि बहुतेकांना सोसते. अझेलिक ॲसिड १० ते २० टक्के : मुरूम आणि डाग दोन्हींवर चालते, गरोदर स्त्रीलाही डॉक्टर ते देऊ शकतात. व्हिटॅमिन सी आणि कोजिक ॲसिड हीही या कामी वापरतात. रात्री लावायची ॲडापलीन व ट्रेटिनॉइन ही औषधे मुरूम आणि डाग यांवर चांगली आहेत, पण ती आणि त्यांच्याच कुळातले रेटिनॉल गरोदरपणात वापरू नये. हायड्रोक्विनोन हे जुने आणि प्रभावी औषध आहे. मात्र ते डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक महिनेच लावायचे असते. वर्षानुवर्षे लावल्यास उलट निळसर काळे डाग पडू शकतात आणि ते जाता जात नाहीत.

यांपैकी एका वेळी एकच वस्तू सुरू करा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडी लावून पाहा. खाज किंवा लाली आली नाही तर चेहऱ्याला लावा. निकालासाठी निदान दोन ते तीन महिने थांबा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण महिना लागतो, मग आठ दिवसांत डाग कसा जाईल? लिंबू चोळणे, खाण्याचा सोडा किंवा टूथपेस्ट लावणे हे प्रकार टाळा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो. बेसन आणि हळद यांनी सहसा अपाय होत नाही, पण ती डागांवरची औषधे आहेत असे मानू नका.

आता मुख्य धोक्याकडे वळतो. आठ दिवसांत चेहरा उजळला, असे एखादे क्रीम करून दाखवत असेल तर तिथेच संशय धरावा. असा झटपट परिणाम बहुधा दोन वस्तूंमुळे होतो : स्टेरॉइड किंवा पारा.

१९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण डागांवर उपयोगी पडते असे दाखवून दिले. त्या धर्तीची तीन औषधांची मलमे डॉक्टर आजही काही आठवड्यांपुरती देतात. आपल्याकडे मात्र तीच ट्यूब रोजच्या क्रीमसारखी वापरली जाऊ लागली. शेजारणीने सांगितले, दुकानदाराने दिले, आणि दोन-दोन वर्षे चेहऱ्याला लावले! सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो. मग त्वचा पातळ होते, गाल लाल होतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उसळतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. या विळख्यात सापडलेल्यांनी घाबरून जाऊ नये आणि लपवूही नये. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावे ध्यानात ठेवा. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असेल, तर ती वस्तू औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे.

पाऱ्याचा धोका याहूनही मोठा. पारा मेलॅनिन तयार होणे थांबवतो, पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. आपल्याच राज्यात अकोल्यातील एकाच घरातल्या तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्या वापरीत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला, हे वृत्त २०२३ सालच्या आरंभी वृत्तपत्रांतून आले. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत होते. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी आहे. चुकून राहिलाच तर तो दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये.

ही क्रीमे येतात कुठून? काही ब्यूटी पार्लरमध्ये बिननावाच्या डबीत मिळतात, काही इंटरनेटवरून मागवली जातात, आणि काही आखातातून सुट्टीवर येणाऱ्या आपल्या माणसांच्या सामानातून येतात. भाऊ किंवा मामू प्रेमाने भेट आणतो, त्याच्या मनात काही वाईट नसते. म्हणून त्यालाच फोनवर सांगून ठेवा की बाबा, खजूर आण, अत्तर आण, पण गोरेपणाचे क्रीम आणू नकोस. पारा त्याच घरातल्या इतरांपर्यंतही पोहोचतो. आईच्या हाताला, टॉवेलला, उशीला लागलेले क्रीम तान्ह्या मुलाच्या अंगात जाऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, इथे तुमच्या शिक्षणाचा उपयोग आहे. घरात डबीवरचे बारीक इंग्रजी वाचू शकणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. तेव्हा घरी गेल्यावर कपाटातली प्रत्येक डबी आणि ट्यूब बाहेर काढा. उत्पादकाचे नाव आणि पत्ता आहे काय? परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत आहे काय? परदेशी वस्तूवर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे काय? घटकांची यादी आहे काय? यांपैकी काही नसेल तर ती वस्तू वापरू नये. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी हे शब्द दिसले, किंवा सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना दिसली, तर ती डबी ताबडतोब बंद करून बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला कळवा. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आणि लघवीला फेस येत असेल, तर क्रीम थांबवून लगेच डॉक्टरकडे जा आणि ती डबी सोबत न्या.

काही खुणांवर घरी उपाय करू नयेत. तीळ एकाएकी वाढू लागला, त्याचा आकार बदलला किंवा त्यातून रक्त आले. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळेनासा झाला. सर्व अंग काळवंडू लागले आणि सोबत अशक्तपणा व वजन घटणे सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवा. स्पर्श न कळणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलीच्या रंगाविषयी तिच्यासमोर बोलणे बंद करा. ‘जरा उजळ असती तर’ हे एक वाक्य तिला पाऱ्याच्या डबीपर्यंत नेऊन सोडते. तिच्या डागावर जरूर उपचार करा, त्याचा खर्चही करा. पण गोरेपणावर उडवायचे पैसे तिच्या पुस्तकांसाठी आणि परीक्षेच्या फीसाठी ठेवा. स्थळ पाहायला आलेल्यांनी आधी रंग विचारला, तर मुलगी काय शिकली आहे हे त्यांना आपणहून सांगा.